कुलूप गेले, यादी राहिली : पाच संगणकांच्या परवानगीचा इतिहास

१/
आयट्यून्स आणि त्याचा वारस असलेले म्युझिक ॲप, या दोहोंच्या मेनूत एक छोटीशी आज्ञा वीस वर्षांहून अधिक काळ टिकून आहे : 'हा संगणक अधिकृत करा'. तिच्या जोडीला दुसरी : 'या संगणकाची अधिकृतता काढा'. पैसे मोजून घेतलेले गाणे स्वतःच्याच संगणकावर वाजवण्यासाठी दुकानदाराची परवानगी का लागावी, आणि ती पाचच संगणकांना का मिळावी? या प्रश्नाची मुळे २००३ पेक्षा बरीच मागे, १९०८ पर्यंत जातात. त्याविषयीचा हा थ्रेड.

२/
मांडणी आधीच सांगितलेली बरी. २००९ मध्ये गाण्यांवरचे डिजिटल कुलूप निघाले आणि ग्राहक जिंकला, असे सर्वत्र लिहिले गेले. परंतु कुलपाहून महत्त्वाची वस्तू जागेवरच राहिली : कोणत्या यंत्राला परवानगी आहे, याची विक्रेत्याच्या ताब्यातील यादी. आजची बहुतेक डिजिटल दुकाने त्या यादीच्या पायावर उभी आहेत. ग्राहक कुलपाशी भांडत राहिले; यादी कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न कोणी धसाला लावलाच नाही.

३/
पार्श्वभूमी थोडक्यात. १९९९ मध्ये नॅप्स्टर आले आणि गाणी फुकट वाटली जाऊ लागली. २००१ मध्ये न्यायालयाच्या आदेशामुळे नॅप्स्टर थांबले. सवय थांबली नाही. त्याच वर्षी जानेवारीत ॲपलचे आयट्यून्स आणि ऑक्टोबरात आयपॉड आला. ध्वनिमुद्रण कंपन्या धास्तावल्या होत्या. सप्टेंबर २००३ पासून त्यांच्या संघटनेने अमेरिकेत थेट सामान्य श्रोत्यांवर खटले भरले. अशा वातावरणात गाणे विकायचे, तर कंपन्यांची पहिली अट कुलपाची असणार, हे उघड होते.

४/
२८ एप्रिल २००३ रोजी आयट्यून्स म्युझिक स्टोअर उघडले. सुमारे दोन लाख गाणी, प्रत्येकी ९९ सेंट, आणि प्रारंभी केवळ अमेरिकेतील मॅक संगणकांसाठी. पहिल्या आठवड्यातच दहा लाख गाणी विकली गेली. विंडोजवाल्यांना ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागले. या प्रत्येक गाण्यावर फेअरप्ले नावाचे कुलूप होते. तेव्हाची मर्यादा पाच नव्हे, तीन संगणकांची होती, हे आज फारसे कोणाला आठवत नाही.

५/
हे कुलूप चालत असे कसे? गाण्याचा ध्वनी एका किल्लीने बंद केलेला असे. ती किल्ली त्याच फाइलमध्ये ठेवलेली असे. परंतु तीही दुसऱ्या, ग्राहकाच्या खात्याच्या किल्लीने बंद. ही दुसरी किल्ली ॲपलच्या सर्व्हरवर आणि अधिकृत केलेल्या संगणकावर असे. संगणक अधिकृत करताना तो स्वतःची एक ओळखखूण तयार करून सर्व्हरकडे पाठवी. सर्व्हर ती खात्यापुढे नोंदवी आणि किल्ल्या पाठवी. सारांश, तिजोरी ग्राहकाच्या घरी, आणि किल्ली कोणाला द्यायची ती वही दुकानात.

६/
या रचनेतील एक बारकावा बोलका आहे. संगणकांची संख्या मोजली जाई. आयपॉड कितीही चालत. तर्काने पाहिले, तर खिशात मावणारे यंत्र मित्राच्या हाती देणे अधिक सोपे. तरीही बंधन तिथे नव्हते, कारण ॲपलचा खरा व्यवसाय आयपॉड विकण्याचा होता. शिवाय फेअरप्लेचे गाणे अन्य कंपनीच्या वादनयंत्रावर चालत नसे. चोरी रोखण्यासाठी आणलेले कुलूप गिऱ्हाईक बांधून ठेवण्यासही उपयोगी पडले.

७/
एप्रिल २००४ मध्ये, दुकानाच्या पहिल्या वाढदिवशी, तीन संगणकांचे पाच झाले. त्याच दिवशी गाण्यांची एकच यादी सीडीवर उतरवण्याची मुभा दहा वेळांवरून सातवर आली. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने काढले. सवलत मोठी की कपात, हा मुद्दा गौण आहे. विक्री होऊन गेलेल्या मालाच्या अटी विक्रेता मागाहून एकतर्फी बदलू शकला, हे महत्त्वाचे. छापील पुस्तकाच्या बाबतीत प्रकाशकाला असे करणे अशक्य. ते एकदा घरी आले की त्याच्यावर प्रकाशकाचा हात पोहोचत नाही.

८/
आता रोजच्या व्यवहारातील अडचण. संगणक विकण्यापूर्वी त्याची अधिकृतता काढली नाही, तर पाचांतील एक जागा त्याच्या नावे अडकून राहते. हार्ड डिस्क अचानक बंद पडली, तर त्या यंत्रावरून आज्ञा देणेच शक्य नसते. विंडोज पुन्हा टाकण्यापूर्वी किंवा रॅम, हार्ड डिस्क बदलण्यापूर्वीही अधिकृतता काढावी, असे ॲपलचेच मार्गदर्शन सांगते. अन्यथा एकच संगणक दोन-तीन जागा खाऊ शकतो. यंत्र तेच, मालक तोच. वहीच्या दृष्टीने मात्र पाहुणा नवा.

९/
वहीत स्वतःविषयी काय लिहिले आहे, हे ग्राहकाला पुरते दिसतही नाही. खात्याच्या पानावर किती संगणक अधिकृत आहेत, तो आकडा दिसतो. ते कोणते, त्यांची नावे दिसत नाहीत. हरवलेला एकच संगणक दुरून खोडण्याची सोय नाही. उपाय एकच : 'सर्वांची अधिकृतता काढा', आणि तोही वर्षातून एकदा. त्यानंतर वापरातील प्रत्येक यंत्रावर बसून नव्याने परवानगी घ्यायची. सातबाऱ्यावर खातेदारांची केवळ संख्या छापली आणि नावे तलाठ्यानेच जपून ठेवली, तर काय होईल, याची कल्पना करावी.

१०/
मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला येथे एक जुनी जोडी आठवल्याशिवाय राहणार नाही : मिरासदार आणि उपरी. मिरासदाराचा जमिनीवरील हक्क वंशपरंपरागत असे. तो ती विकू शके, दान देऊ शके, मुलांच्या हाती सोपवू शके. गाव सोडून गेलेला मिरासदार काही वर्षांनी परतला, तरी आपला हक्क सांगू शके. उपरी तीच माती कसत असे, तितकाच घाम गाळत असे; परंतु त्याचे कसणे ठरावीक मुदतीच्या कौलावर अवलंबून असे.

११/
शेतात उभे राहून पाहणाऱ्याला मिरासदार आणि उपरी यांच्यातील फरक दिसला नसता. नांगर तोच, पीक तेच. फरक कळे तो जमीन विकण्याच्या, वारशाच्या किंवा वादाच्या वेळी. ध्वनिमुद्रिका विकत घेणारा आणि आयट्यून्सवर गाणे 'विकत घेणारा' यांचेही तसेच. दोघेही गाणे ऐकतात. संगणक मोडतो, माणूस मरतो, दुकान बंद होते, तेव्हा कळते की एकाकडे मिरास होती आणि दुसऱ्याकडे कौल.

१२/
विकून झाल्यावरही मालावर हक्क ठेवण्याची ही इच्छा संगणकाच्या युगातील नाही. अमेरिकेतील बॉब्ज-मेरिल या प्रकाशनसंस्थेने एका कादंबरीत सूचना छापली होती : हे पुस्तक एक डॉलरपेक्षा कमी किमतीत विकणे म्हणजे कॉपीराइटचा भंग. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने ते ८९ सेंटांना विकले. दुकान स्ट्रॉस बंधूंचे. त्यांपैकी इसिडॉर स्ट्रॉस हे पुढे १९१२ मध्ये टायटॅनिकवर पत्नीसह बुडाले. १९०८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पहिल्या विक्रीनंतर त्या प्रतीच्या पुढील विक्रीवर प्रकाशकाचा ताबा उरत नाही.

१३/
दुसरा खटला संगीताच्या अधिक जवळचा. व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनी आपल्या ग्रामोफोनवर एक सूचना चिकटवत असे. तिचा आशय असा : पेटंटची मुदत संपेपर्यंत यंत्राची मालकी कंपनीचीच, ग्राहकाला मिळाला आहे तो वापराचा परवाना, आणि यंत्र वापरायचे ते व्हिक्टरच्याच तबकड्या, ध्वनिपेट्या आणि सुयांसह. फेअरप्ले आणि आयपॉड यांचे नाते माहीत असलेल्या वाचकाला ही शंभर वर्षांपूर्वीची सूचना फारच ओळखीची वाटेल.

१४/
व्हिक्टरची यंत्रेही मेसीजने ठरवलेल्या दरापेक्षा स्वस्त विकली आणि पुन्हा स्ट्रॉस कुटुंब न्यायालयात उभे राहिले. १९१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्हिक्टरची ही 'परवाना' पद्धत नाकारली. पूर्ण किंमत घेऊन यंत्र ग्राहकाच्या हवाली करायचे आणि वर त्याला परवाना म्हणायचे, हा पुढील विक्रीचे दर मुठीत ठेवण्याचा डाव आहे, असा निष्कर्ष त्या निकालातून निघतो. शब्द बदलून विक्रीचे स्वरूप बदलत नाही, हे तत्त्व १९१७ मध्ये मान्य झाले होते.

१५/
मग २००३ मध्ये तेच तत्त्व का चालले नाही? कारण तांत्रिक आहे आणि ते समजून घ्यायला हवे. तबकडी एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा नवी प्रत निर्माण होत नाही. फाइल 'देताना' मात्र दुसऱ्या यंत्रावर नवी प्रत तयार होते. रीडिजी नावाच्या संकेतस्थळाने आयट्यून्सची वापरलेली गाणी विकण्याचा प्रयत्न केला. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने आणि २०१८ मध्ये अपील न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. जुन्या पुस्तकांच्या बाजाराला डिजिटल भावंड मिळण्याचा मार्ग तिथे बुजला.

१६/
विरुद्ध बाजू दुबळी नाही, हेही नोंदवायला हवे. कुलपाशिवाय त्या काळी बड्या कंपन्यांनी आपली गाणी दिलीच नसती. गायक, वादक, गीतकार यांचे पोट विक्रीवर चालते. समकालीन दुकानांच्या तुलनेत फेअरप्लेच्या अटी सौम्यही होत्या : गाणे भाड्याचे नव्हते, दरमहा शुल्क नव्हते, आणि सीडीवर उतरवण्याची अधिकृत पळवाट होती. त्या सीडीवर कुलूप नसे. पाच संगणक एका कुटुंबाला पुरेसे होते, असे कोणी म्हणाले तर ते चूक नाही.

१७/
परंतु ही बाजू कुलपाचे समर्थन करते, वहीच्या गुप्ततेचे नाही. पाचांची मर्यादा मान्य केली, तरी त्या पाचांची नावे ग्राहकाला का दिसू नयेत? बंद पडलेले यंत्र खोडण्यासाठी वर्षभर का थांबावे? यांतून कोणत्या कलावंताचा एक पैसा वाचतो? मर्यादा हा कराराचा भाग असू शकतो. वही अपारदर्शक ठेवणे हा ग्राहकाच्या हक्काविषयीच्या बेफिकिरीचा भाग आहे.

१८/
कुलूप उघडले ते कसे? ६ फेब्रुवारी २००७ रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी संगीताविषयी एक खुले पत्र प्रसिद्ध केले. त्यातील हिशेब असा : सरासरी आयपॉडवरील गाण्यांपैकी तीन टक्क्यांहून कमी गाणी आयट्यून्सवर घेतलेली. २००६ मध्ये कुलूपबंद गाणी विकली गेली दोन अब्जांहून कमी. कुलपाविना, सीडीवर, वीस अब्जांहून अधिक. मग कुलूप राखते ते काय? पत्रात आणखी एक गोष्ट उघड झाली : फेअरप्ले फुटले आणि काही आठवड्यांत दुरुस्त झाले नाही, तर कंपन्या आपली सर्व गाणी दुकानातून काढून घेऊ शकत होत्या.

१९/
हे पत्र निव्वळ उदारतेपोटी आले, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. नॉर्वेच्या ग्राहक परिषदेने २००६ मध्ये तक्रार केली होती आणि तेथील ग्राहक लोकपालाने फेअरप्लेची अट बेकायदा असल्याचे मत पत्राच्या काही दिवस आधीच, जानेवारीत दिले होते. युरोपात अन्यत्रही दबाव वाढत होता. पुढे मे २००७ मध्ये ईएमआय कंपनीची गाणी कुलपाविना, १.२९ डॉलरना मिळू लागली. सप्टेंबरमध्ये ॲमेझॉनने कुलपाविना एमपी३ विकायला प्रारंभ केला. ६ जानेवारी २००९ रोजी ॲपलने घोषणा केली : चारही बड्या कंपन्यांची गाणी कुलपाविना.

२०/
मात्र आधी घेतलेल्या गाण्यांचे कुलूप आपोआप निघाले नाही. प्रत्येक गाण्यामागे ३० सेंट भरून नवी प्रत घ्यावी लागे. ज्यांनी भरले नाहीत, त्यांची २००३ ते २००९ मधील खरेदी जुन्या कुलपासह आणि जुन्या वहीसह राहिली. म्हणून ती मेनूतील आज्ञा आजही टिकून आहे. चित्रपटांवरचे कुलूप तर कधी निघालेच नाही.

२१/
या कथेत भारताचे एक विस्मृत पान आहे. २००४ मध्ये प्लेफेअर नावाचा प्रोग्रॅम आला. ग्राहकाच्या स्वतःच्या किल्लीने, त्याने विकत घेतलेल्याच गाण्यांचे कुलूप तो काढत असे. अमेरिकेतील सोर्सफोर्जवरून ॲपलच्या नोटिशीनंतर तो हटला आणि तिरुवनंतपुरमहून चालणाऱ्या 'सरोवर' या मुक्त सॉफ्टवेअरच्या ठिकाणी आला. तिथेही कायदेशीर नोटीस पोहोचली आणि तो उतरवावा लागला. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने कुलूप तोडणे हाच अपराध ठरवला होता. भारताच्या कॉपीराइट कायद्यात त्या वेळी तसे कलमच नव्हते.

२२/
ते कलम २०१२ च्या दुरुस्तीने आले : कलम ६५ अ. परंतु भारतीय संसदेने त्यात एक शहाणपणाची अट ठेवली. कुलूप तोडण्यामागे कॉपीराइट भंग करण्याचा हेतू असेल, तरच शिक्षा : दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कायद्याला मान्य असलेल्या कारणासाठी केलेली कृती या कलमाच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आयट्यून्स स्टोअर भारतात उघडले. तोवर गाण्यांचे कुलूप गेले होते, त्यामुळे भारतीय श्रोत्याची पाच संगणकांशी गाठ प्रामुख्याने चित्रपटांच्या निमित्ताने पडली.

२३/
वही विक्रेत्याच्या हाती असण्यातला धोका २००८ मध्ये उघडा पडला, तो मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन म्युझिकमुळे. विक्री आधीच थांबली होती. एप्रिल २००८ मध्ये ग्राहकांना कळवण्यात आले की ३१ ऑगस्टनंतर परवानगी देणारा सर्व्हर बंद होईल. अर्थ असा की जुन्या संगणकावर गाणी वाजतील, परंतु संगणक बदलला की ती मुकी होतील. ओरड झाल्यावर मुदत २०११ च्या अखेरपर्यंत वाढली. याहू म्युझिकनेही त्याच वर्षी तोच मार्ग धरला आणि ग्राहकांना भरपाई देऊ केली. वही मिटली की मालही गेला.

२४/
याच्या उलट उदाहरण भारतातले. फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लाइट नावाचे गाण्यांचे दुकान काढले आणि जेमतेम दीड वर्षात, २०१३ च्या मध्यावर, ते गुंडाळले. व्यवसाय म्हणून तो फसला. परंतु तेथील एमपी३ वर कुलूप नव्हते आणि वहीही नव्हती. ज्याने गाणी उतरवून ठेवली, त्याच्याकडे ती आजही वाजतात. दुकान बुडाले, ग्राहक बुडाला नाही. या दोन दुकानांच्या अंतातील फरक हाच या थ्रेडचा गाभा आहे.

२५/
आणि आज? ॲपल म्युझिकमध्ये एका खात्याशी दहा उपकरणे जोडता येतात, त्यांत संगणक पाचच. तोच आकडा, २००४ चा. एका खात्याला जोडलेले उपकरण दुसऱ्या खात्याला जोडण्यासाठी ९० दिवस थांबावे लागू शकते. नेटफ्लिक्सने जुलै २०२३ पासून भारतात 'एक घर' ही अट लागू केली. घर म्हणजे काय, हेही कंपनीच ठरवते. येथे विक्रीचा दावाच नसल्याने कुलपाची तक्रारही उरत नाही. मात्र विक्रेत्याच्या ताब्यातील यादी कायम आहे, आणि ती अधिक बारकाईने लिहिली जाते.

२६/
सर्वांत कठीण प्रसंग मृत्यूचा. ॲपलने डिसेंबर २०२१ मध्ये वारस-संपर्क नेमण्याची सोय दिली. मृत व्यक्तीची छायाचित्रे, टिपणे, संदेश त्या संपर्काला मिळू शकतात. मात्र परवान्यावर घेतलेले संगीत, चित्रपट आणि पुस्तके यांतून स्पष्टपणे वगळलेली आहेत. आयुष्यभर गाणी जमवणाऱ्या माणसाचा संग्रह त्या खात्यातून मुलांच्या हाती जात नाही. उपऱ्याचा कौल त्याच्याबरोबर संपतो, तसाच.

२७/
हा प्रश्न काही मूठभर शौकिनांचा नाही. तो पुराव्यांचा आहे. बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ यांचा आवाज आज आपल्यापर्यंत पोहोचला, त्यात कंपन्यांइतकाच वाटा खासगी संग्राहकांचा आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या मुंबईच्या चोरबाजारात, रद्दीच्या दुकानांत, वाड्यांच्या माळ्यांवर सापडल्या. हातोहात विकल्या गेल्या, जपल्या गेल्या. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्था त्या हस्तांतरातूनच उभ्या राहिल्या. एकाही तबकडीने नव्या ग्रामोफोनवर चढण्यापूर्वी कंपनीची परवानगी मागितली नाही.

२८/
इतिहास टिकतो तो मूळ मालकाच्या कृपेवर क्वचितच. तो प्रती विखुरल्यामुळे टिकतो. ज्या वस्तूची विक्री, देणगी, वारसा आणि विसरून माळ्यावर पडणे, हे सर्व अशक्य आहे, ती वस्तू शंभर वर्षांनी संशोधकाच्या हाती लागण्याची शक्यताही तितकीच क्षीण. एकविसाव्या शतकातील कुटुंबांनी काय ऐकले, काय पाहिले, याचा घरगुती पुरावा आज विक्रेत्यांच्या सर्व्हरवर आहे. त्याची किल्ली ज्या वहीवर अवलंबून आहे, ती मिटवण्याचा निर्णय एका ईमेलने कळवला जातो.

२९/
म्हणून मागण्या चार असाव्यात. वहीतील प्रत्येक यंत्र नावानिशी आणि तारखेनिशी ग्राहकाला दिसावे. हवे ते एक यंत्र, हव्या त्या दिवशी, दुरून खोडता यावे. दुकान किंवा सर्व्हर बंद करण्यापूर्वी विकलेल्या मालाचे कुलूप विक्रेत्याने स्वखर्चाने काढावे. आणि पूर्ण किंमत घेऊन 'विकलेला' संग्रह वारसाला मिळावा. यांपैकी एकाही मागणीने चाचेगिरीला वाट मिळत नाही. १९०८ आणि १९१७ मध्ये पुस्तकाच्या आणि ग्रामोफोनच्या ग्राहकाला जे मिळाले, त्याहून हे अधिक नाही.

३०/
कायद्याने या दिशेला एक छोटे पाऊल टाकले आहे. कॅलिफोर्नियाचा २०२४ मध्ये संमत झालेला कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. मिळते ते केवळ परवाना आहे, हे ठळकपणे सांगितल्याशिवाय डिजिटल मालापुढे 'खरेदी करा' असे लिहिण्यास त्याने मनाई केली. जो माल कायमचा उतरवून घेऊन इंटरनेटविना वापरता येतो, त्याला ही अट नाही. म्हणजे मिरास आणि कौल यांतील भेद आता निदान पाटीवर लिहावा लागेल. मात्र कौलाच्या अटी या कायद्याने बदलत नाहीत.

३१/
तोवर प्रत्येकाने करण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. जुना संगणक विकण्यापूर्वी, दुरुस्तीला देण्यापूर्वी त्याची अधिकृतता काढावी. वर्षातून एकदा मिळणारी 'सर्वांची' आज्ञा अडचणीच्या दिवसासाठी राखून ठेवावी. कुलपाविना घेतलेली गाणी आजच उतरवून दोन ठिकाणी जपावीत. ती खऱ्या अर्थाने स्वतःची आहेत. आणि पुढच्या वेळी 'खरेदी करा' या बटणावर बोट ठेवण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : दुकान उद्या बंद पडले, तर ही वस्तू कोणाकडे राहील?

मतभेद असल्यास ते उत्तरात अवश्य मांडावेत.
#इतिहास #तंत्रज्ञानाचा_इतिहास